दोर्दोन्यच्या खोऱ्यात आठ दिवस: नकाशाआधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पॅरिस झाल्यावर, फ्रान्सच्या ग्रामीण भागासाठी आठ दिवस हातात आहेत. सोबत नवरा, १३ आणि ९ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचा गुडघा कुरकुरतो आणि त्या शाकाहारी आहेत. यादीत अकरा मध्ययुगीन गावं, एक तळं आणि "कयाकिंग किंवा तसलं काहीतरी". रोज दोन-तीन गावं जमतील का, गाडी घ्यावीच लागेल का, आणि आईंच्या खाण्याचं काय?

गावं जमतील. पण जमवू नका. मी गेली चौदा वर्षं तुलूझला राहते आणि दहा उन्हाळे भारतातून येणाऱ्या कुटुंबांना या भागाच्या सहली आखून देते; निम्म्या वेळा सोबतही जाते. पहिली दोन वर्षं दिवसात चार गावं दाखवायची मला फार हौस होती. एकदा तिसऱ्या गावाच्या वाहनतळावर मागच्या सीटवरच्या मुलाने विचारलं, "मावशी, हे सकाळचंच गाव आहे ना?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, चर्च, चौक, आइसक्रीम. ऊन डोक्यावर असताना सगळी गावं सारखीच दिसतात.

आता यादी. तुम्ही लिहिलेली एगिसाइम, गोर्द, अनसीचं तळं, रोकामादूर, दोम्म, सँ-सिर्क-लापोपी ही नावं फोटोत शेजारीशेजारी येत असतील, पण एगिसाइम जर्मनीच्या सीमेजवळ, गोर्द प्रोव्हान्समध्ये, अनसी आल्प्सच्या पायथ्याशी आणि उरलेली तिन्ही नैऋत्येला आहेत. या चार टोकांना जोडत गेलात तर आठातले चार दिवस हमरस्त्यावर जातील. तेव्हा एकच कोपरा धरा. मी नैऋत्येचा धरेन, म्हणजे दोर्दोन्य नदीचं खोरं. मी त्याच भागात राहते म्हणून नव्हे (थोडंसं तेही आहे). किल्ले, नदी, गुहा आणि बाजाराची गावं तासाभराच्या आत इतकी दाटीने दुसरीकडे क्वचितच मिळतात. तुम्हाला खरोखर मोठं नैसर्गिक तळंच हवं असेल आणि गावं दुय्यम असतील, तर मात्र अनसीला जा आणि हे उत्तर इथेच सोडा.

मुक्काम एकच करा, सार्ला गावाच्या आसपास, सात रात्री. 'झीत' शोधा. झीत म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं गावाकडचं घर, स्वयंपाकघरासकट. जुलै-ऑगस्टमध्ये ती शनिवार ते शनिवारच मिळतात. जूनमध्ये मालक जरा सैल असतात, पण विचारून घ्या. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेले आहेत का आणि सासूबाईंची खोली तळमजल्यावर आहे का, हे दोन प्रश्न आधीच विचारा. जुन्या घरांतले जिने इतके उभे असतात की वाड्याच्या माडीचा जिना बरा म्हणायची वेळ येते.

आता मुख्य गोष्ट. या भागात कोणतं गाव बघता याहून किती वाजता बघता हे महत्त्वाचं. जूनमध्ये इथे रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. बसगाड्या साडेदहाच्या सुमाराला येतात आणि पाचनंतर जातात. मधल्या वेळात गल्ल्यांमध्ये माणसांच्या पाठीच दिसतात, आणि दगड तापलेले असतात. म्हणून मी दिवसाचे तीन तुकडे करते: सकाळी आठ ते साडेदहा एक गाव, दुपारी पाणी, सावली, गुहा किंवा सरळ झोप, संध्याकाळी सहानंतर वाटलं तर दुसरं गाव. असे रोज दोन तुकडे गावांसाठी मिळतात, म्हणजे गावं फार कमी होत नाहीत. फक्त ती तुमच्या वाट्याला येतात.

दोम्मचं उदाहरण देते. १२८१ मध्ये फ्रान्सच्या राजाने, तिसऱ्या फिलिपने, नदीच्या वर कड्यावर वसवलेलं हे गाव. अशा आखून वसवलेल्या गावांना 'बास्तीद' म्हणतात. गेल्या वर्षी नाशिकच्या एका आजींना मी आठ वाजता तटबंदीच्या दाराशी उतरवलं आणि आम्ही दोघी हळूहळू कड्यावरच्या सज्जापर्यंत गेलो. खाली दोर्दोन्यवर धुकं होतं. नदी दिसत नव्हती, तिची वळणं तेवढी कळत होती. पाकोळ्या डोक्यावरून किंचाळत जात होत्या. एका बाईने खिडकीच्या लाकडी झडपा उघडल्या, जेरॅनियमच्या कुंडीला पाणी घातलं, आमच्याकडे बघून "बोंझूर" म्हणाली आणि आत गेली. आजी बाकावर बसल्या, पाव तोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "आता मला कुठे नेऊ नकोस." साडेनऊला धुकं उठलं आणि खालची शेतं चौकटीचौकटीने उघडत गेली. तासाभराने पहिली बस आली, तेव्हा आम्ही परत गाडीत होतो.

मुलांना दोम्ममध्ये दोन गोष्टी दाखवा: १३०७ नंतर टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांना कैदेत ठेवलं होतं ते बुरुजांचं दार, आणि बाजाराच्या मंडपाखालून उतरणारी गुहा. गुहेचं तोंड गावाच्या मधोमध आहे, हेच मुलांना आवडतं.

नदीकाठी कास्तेलनो आणि बेनाक हे दोन किल्ले समोरासमोर आहेत. इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) या दोन काठांवर दोन पक्ष होते. आपल्याकडच्या गडांची सवय असलेल्याला चढ काहीच वाटणार नाही. सासूबाईंना मात्र दोन्ही ठिकाणचे गोटे जड जातील. मुलांसाठी कास्तेलनो निवडा. तिथे मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे आणि दगड भिरकावणारी पूर्ण आकाराची लाकडी यंत्रं तटावर उभी आहेत. बेनाक खालून, नदीतून बघण्यात जास्त मजा आहे.

त्यावरून पाण्याकडे येते. "मोठं तळं सुचवा" म्हणालात. या भागात मोठं तळं नाही, आणि त्याला कारण आहे. दोर्दोन्यच्या दक्षिणेचं पठार चुनखडीचं आहे. पावसाचं पाणी वर साठत नाही, भेगांतून खाली जातं आणि जमिनीखाली नद्या करून वाहतं. म्हणून इथे गुहा भरपूर आणि तळी जवळजवळ नाहीत. जी आहेत ती बांध घालून केलेली, छोटी. सार्लाच्या दक्षिणेला, गुर्दोंजवळ असं एक आहे. त्याचं नाव 'एकूत सिल प्ल', म्हणजे 'पाऊस पडतोय का ऐक'. पाऊस पडला तरच फिरणाऱ्या, पाण्याची चणचण असलेल्या पाणचक्कीला पूर्वी हे नाव द्यायचे. मुलांना एक दुपार पुरेल. खरं विस्तीर्ण तळं हवं तर उत्तरेला लिमुझँमध्ये वासिव्हिएर आहे, सुमारे १,००० हेक्टरचं. तिथला खडक ग्रॅनाइटचा, पाणी धरून ठेवणारा. पण तेही धरणाचंच, १९५० च्या सुमाराचं, म्हणजे मुळशी-पानशेतच्या जातीचं. सार्लाहून दोन तासांच्या वर लागतात. आठ दिवसांत मी जाणार नाही. दहा असते तर दोन रात्री तिथे काढल्या असत्या.

अशा तळ्यांवर जीवरक्षक बहुतेक करून जुलै-ऑगस्टमध्येच असतात. जूनमध्ये काठावरचा फलक वाचल्याशिवाय मुलांना आत सोडू नका. उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळामुळे पोहणं बंद केल्याची सूचनाही त्याच फलकावर असते. आणि मुलांना पोहण्याच्या तलावावर नेणार असाल तर एक गंमत: फ्रान्सच्या सार्वजनिक तलावात सैल बर्म्युडा चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते. तळ्यात आणि नदीत ही कटकट नाही.

तळ्याची हौस नदीवर भागवा. सेनाक ते बेनाक हा पट्टा साधारण नऊ-दहा किलोमीटरचा आहे, रमतगमत दोन-अडीच तासांचा. दोम्मच्या कड्याखालून निघता, मग ला रोक-गाजाक, कास्तेलनो आणि शेवटी बेनाक. एवढी गावं तुम्ही मान वर करून बघता, आणि त्यांचा मध्ययुगीनपणा तिथूनच कळतो. कारण ती नदीसाठीच तिथे आहेत. मालवाहतूक नदीवरून व्हायची. जो कडा धरून बसला त्याच्या हातात घाट आला.

नावा भाड्याने देणारे गाडीने तुम्हाला वर सोडतात आणि तुम्ही प्रवाहाबरोबर खाली येता, म्हणजे परतीची चिंता नाही. वाऱ्या-पावसाचा दिवस टाळा, आणि वरच्या भागात मोठा पाऊस झाला असेल तर त्या दिवशी नाव सोडतात का हे सकाळी फोन करून विचारा. ९ वर्षांच्या लेकीला तीन बसणाऱ्या नावेत मधे बसवा. जीवरक्षक जॅकेट तिच्या मापाचंच मागा. ते डोक्यावरून वर सरकतं का, हे खांद्याशी धरून ओढून बघा. सरकलं तर लहान माप घ्या. सामानासाठी झाकणाचा प्लास्टिकचा पिंप देतात. फोन, परवाना, गाडीची किल्ली त्यात. मी पहिल्या वर्षी गाडीची किल्ली खिशात ठेवली होती आणि ती कास्तेलनोच्या पुलाखाली कुठेतरी अजून असेल. चप्पल घालून जाऊ नका, पायाला बांधलेलं काहीतरी घाला. उतरायच्या जागा गोट्यांच्या असतात आणि चप्पल नदी तेवढ्यातच घेऊन जाते.

सासूबाईंना यातून वगळायची गरज नाही. ला रोक-गाजाकहून 'गाबार' निघते, सपाट बुडाची लाकडी होडी. पूर्वी अशा होड्यांतून वरच्या खोऱ्यातलं लाकूड खाली द्राक्षांच्या प्रदेशात, दारूच्या पिंपांसाठी जायचं. आता तासाभराची फेरी असते, बसायला बाकं असतात. तुमच्या नावेची आणि त्यांच्या होडीची वेळ जुळवलीत तर मधेच नदीत भेट होते. आमच्या एका आजींनी नातवाला होडीतून "नीट बस रे!" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की पलीकडच्या तीन नावा सरळ बसल्या.

रोकामादूर सार्लाहून साधारण तासाभरावर. कड्याला चिकटलेल्या तीन पायऱ्या समजा: खाली रस्ता आणि दुकानं, मधे देवळं, वर किल्ला. ११६६ मध्ये इथे सेंट अमादूरचा मानला गेलेला न कुजलेला देह सापडला आणि यात्रा वाढली. काळ्या मेरीच्या मूर्तीपर्यंत २१६ पायऱ्या आहेत. यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. सासूबाईंनी लिफ्टने जावं. गाव ते देवळं आणि देवळं ते किल्ला अशा दोन आहेत, तिकीट लागतं. आधी लोपिताले या वरच्या वस्तीत थांबून सकाळच्या उन्हात समोरून गाव बघा. आतून ते कधीच पूर्ण दिसत नाही.

त्याच दिवशी दुपारी पादिराकची गुहा. जमिनीत १०३ मीटर खोल खड्डा, तळाशी नदी, नदीत होडी. १८८९ मध्ये मार्तेल नावाचा संशोधक पहिल्यांदा खाली उतरला. वर चुनखडीचं जे सांगितलं ते इथे प्रत्यक्ष दिसतं: तळ्याचं पाणी कुठे गेलं, तर इथे. आत बारमाही १३ अंश असतं, स्वेटर न्या. तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा. लिफ्ट असली तरी आतल्या पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा गुडघेवाल्या माणसाने आणि आणखी एकाने वर सावलीत बसावं. तुम्ही म्हणाल तर मी त्या दुसऱ्या माणसात नवऱ्याला घालेन, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाकीचं भराभर सांगते. सार्लाचा बाजार शनिवारी दिवसभर आणि बुधवारी सकाळी. नऊच्या आत पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा नाही. रात्री पुन्हा जा, जुन्या गावात गॅसचे दिवे लागतात. गावाबाहेर कुठे 'लोझ'ची छपरं दिसली तर थांबा. सपाट दगडांची ती उभी छपरं एका चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास भरतात. मोंपाझिए ही १२८४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वसवलेली बास्तीद, पूर्ण सपाट. सासूबाईंसाठी सगळ्यात सोयीचं गाव तेच. चौकाच्या मंडपात धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. सँ-सिर्क-लापोपी सुंदर आहे पण दीड तासावर. जायचंच तर बूझिएसजवळ खडकात कोरलेल्या नदीकाठच्या वाटेनेही थोडं चाला. कोलोंज-ला-रूज हे लाल दगडाचं गाव. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' ही संघटना १९८२ मध्ये तिथल्याच महापौरांनी सुरू केली. दोन्हींपैकी एक घ्या. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, तिथे आता हुबेहूब प्रतिकृती आहे, मुलांना चालते.

चालायला जायचं असेल तर पर्यटन कार्यालयातून जवळच्या फेरीचं पत्रक घ्या. पिवळी पट्टी म्हणजे छोटी स्थानिक वाट, पांढरी-लाल म्हणजे लांब पल्ल्याची. पट्ट्यांची फुली दिसली की वाट चुकली, मागे वळा. सायकलसाठी सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली मोटारींना बंदी असलेली वाट आहे. ९ वर्षांच्या मुलीला झेपेल अशी. घरी आल्यावर मुलांच्या पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा तपासा, गवतात गोचिड्या असतात.

गाडी घ्यावीच लागेल. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनहून ब्रीव्हपर्यंत थेट रेल्वे आहे, साडेचार तासांच्या आसपास. तिथे गाडी घ्या, सार्ला तासाभरावर. पण रविवारी किंवा दुपारी बारा ते दोनमध्ये पोचू नका. एकदा मी पाच जणांना घेऊन रविवारी एका छोट्या स्टेशनवर उतरले. भाड्याच्या गाडीची खिडकी बंद, जवळचा कॅफेही बंद. चार तास बॅगांवर बसून काढले. भारतातून आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. ऑटोमॅटिक गाडी लागणार असेल तर आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर गिअरची मिळते. गावात जिथे काही फलक नसतो तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गल्लीतून येत असला तरी. आणि पंपावर 'गाझोल' लिहिलेलं असतं ते डिझेल. नाव ऐकून पेट्रोल वाटतं. त्या वाटण्यापायी गाड्या उचलून न्याव्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता खाणं. हा बदकांचा मुलूख आहे. कोशिंबिरीतही बदकाचं काहीतरी असतं. बटाट्याच्या काचऱ्यांसारखा दिसणारा 'पोम सार्लादेझ' हा पदार्थ शाकाहारी समजून मागवू नका. तो बदकाच्या चरबीत परततात. "ज न मांझ नी व्यांद नी प्वासों", म्हणजे "मी मांस आणि मासे खात नाही", एवढं पाठ करा. आणि पुढे "सां ग्रेस द कानार", बदकाच्या चरबीशिवाय, हेही. दुकानात शिरताना आधी "बोंझूर", मग प्रश्न. उलट केलंत तर थंड उत्तर मिळतं आणि लोक तुसडे वाटतात. ते तुसडे नसतात, तुम्ही नमस्कार न करता घरात शिरलेल्या असता. दुपारचं जेवण बारा ते दीडमध्येच मागा, नंतर स्वयंपाकघर बंद. रोकामादूरचं छोट्या चकतीएवढं शेळीच्या दुधाचं चीज, अक्रोड, अक्रोडाचं तेल आणि पेरिगोरच्या (म्हणजे याच भागाच्या) स्ट्रॉबेरी यांवर बाजारात पोट भरतं. पण पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट असतं, म्हणजे दूध घट्ट करायला वापरलेलं जनावराच्या पोटातलं द्रव्य. आई त्या बाबतीत काटेकोर असतील तर त्यांना आधी सांगा, नंतर कळलं तर उगाच हळहळ.

म्हणून झीतचं स्वयंपाकघर हवं. पोहे, भाजणी, मेतकूट, डाळी आणा. तूप, पेढे, श्रीखंड असं दुधाचं काही आणू नका, युरोपियन संघात बाहेरून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नाही. कुकर आणलात तर बुडाला लोहचुंबक लावून बघा. झीतमधे बरेचदा इंडक्शनची शेगडी असते आणि आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर ढिम्म राहतो. मी एकदा साताऱ्याच्या चार माणसांना यामुळेच रात्री नऊला पाव आणि टोमॅटो वाढले आहेत.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: दोन्ही मुलांना किमान २५ मीटर पोहता येतं का, आणि गाडी कोण चालवणार आहे. पोहता येत नसेल तर मी नावेचा बेत काढून टाकून सगळ्यांना गाबारमध्येच बसवेन. आणि चालवणारा एकच असेल तर सँ-सिर्कचा दिवस आत्ताच खोडा.